दार नसलेल्या घराचा विमा

गयाबाईंच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा त्यांनी मला बाहेर काढलं होतं.

शिंगणापूरच्या जुन्या घरांना चौकट असते, दार नसतं. गाव देव राखतो, मग कडीकुलूप कशाला, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मला ती ऐकून माहीत होती. त्यामुळे विम्याच्या कागदांची बॅग काखोटीला मारून मी चौकटीतून सरळ आत गेलो आणि ओसरी ओलांडून मधल्या खोलीत उभा राहिलो. आतून एक उंच, सावळी बाई आली. हाताला पीठ लागलेलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दार न्हाई म्हनून कुनीबी घुसायचं व्हय?" ती म्हणाली. "भायेर जा. आवाज द्या. मी या म्हनले की मग या."

मी तेव्हा साठी ओलांडलेला होतो. भिंगारच्या एका लष्करी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो होतो आणि वेळ जावा म्हणून विम्याची एजन्सी घेतली होती. मी निमूट बाहेर गेलो, चौकटीशी उभा राहिलो आणि म्हणालो, "आहे का कोणी घरात?"

आतून अगदी वेगळ्या, मायेच्या आवाजात उत्तर आलं, "कोन हाय? या की."

मग चहा झाला. त्या प्रसंगाचा त्यांनी पुन्हा कधी उल्लेख केला नाही. मीही नाही.

गयाबाई आता नाहीत. गेल्या महिन्यात गावी त्यांच्या दशक्रियेला गेलो होतो. प्रवचन चालू असताना माझ्या मागे बसलेल्या दोघांपैकी एकानं दुसऱ्याला विचारलं, "चोरीचा इमा काढनारी ती हीच ना?" दुसरा म्हणाला, "हीच." एवढंच बोलून ते पुन्हा प्रवचन ऐकू लागले. बाईंची गावात उरलेली ओळख ती एवढी. ती खोटी आहे. खोटी आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

दार नसलेल्या घरात आवाज हीच कडी असते, हे मी त्यांच्याकडे शिकलो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांतसुद्धा त्या खोलीत शिरण्याआधी "मी आले वं" म्हणत आणि क्षणभर थांबत. बाहेर पडताना "मी जाते वं." गोठ्यात म्हशींनाही तसंच सांगत. पुण्यात दिलेली त्यांची एकुलती एक मुलगी रेखा म्हणायची, "आई देवघरात जातानासुद्धा देवाला सांगून जाते."

"मंग?" गयाबाई म्हणत. "देवाला काय अब्रू न्हाई?"

यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेत दीर नामदेवभाऊ बघत. घरामागे गयाबाईंनी तीन खोल्या बांधल्या होत्या, दर्शनाला येणाऱ्यांनी एक-दोन दिवस राहावं म्हणून. रेखानं त्यांचे फोटो काढून मोबाईलवरच्या एका बुकिंगच्या ॲपवर टाकले आणि शनिवारी, अमावास्येला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली. घोडेगावच्या फाट्यावरचे जीपवाले उरलेली गिऱ्हाईकं आणून सोडत. ह्या खोल्यांनाही दारं नव्हती. रेखानं एकदा सुचवून पाहिलं, की निदान ह्यांना तरी बसव.

"तीन खोल्यांपुरता देव आंधळा करू का?" असं विचारून बाईंनी विषय संपवला.

दाराच्या जागी जाड पडदा होता आणि रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीत आडवी टेकवायची एक गुडघ्याएवढी फळी. न्हाणीघराला पडदाच. आत कोणी आहे हे कळावं म्हणून बाईंनी लाल बादलीची पद्धत काढली होती. बादली बाहेर पालथी असली, की आत माणूस आहे. शहरातली माणसं आत जायची आणि बादली घालायची विसरायची. मग गयाबाई अंगणातून ओरडायच्या, "पालथी घाला वं बादली, न्हाईतर गानं म्हना!" कित्येक प्रतिष्ठित माणसांना मी त्या पडद्याआड गाताना ऐकलं आहे.

एक पुण्याचं जोडपं आलं होतं. नवऱ्यानं सामान टेकवलं आणि किल्ली मागितली.

"किल्ली घेऊन काय करता?" बाई म्हणाल्या. "लावायला काय न्हाई."

त्याला हसू आलं नाही. त्या रात्री त्या दोघांनी खाट ओढून चौकटीला लावली आणि तिच्यावरच झोपले. सकाळी गयाबाई चहा घेऊन गेल्या, "मी आले वं" म्हणाल्या आणि खाट सरकेपर्यंत ट्रे धरून शांतपणे उभ्या राहिल्या. जाताना त्या माणसानं ॲपवर लिहिलं, की दार नव्हतं तरी झोप चांगली लागली. रेखानं ते फोनवर वाचून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या, "लागंल न्हाई तर काय. खाट आडवी लावून झोपलं की कुशी बदलता येत न्हाई, मग मानूस गपगार पडून ऱ्हातो."

पाहुण्यांचं पाकीट, दागिना त्या स्वतःकडे ठेवून घेत नसत. कोणी दिलं तरी नाही. "माझ्याकडं दिलं की मी राखनदार झाले," त्या म्हणत. "राखनदार हितं एकच हाय." मुंबईच्या एका बाईची सोनसाखळी सापडेना तेव्हा मी तिथे होतो. ती बाई रडायला लागली, तिचा भाऊ पोलिसांचं नाव काढायला लागला. गयाबाईंनी एक उशीसुद्धा उचलून पाहिली नाही. ओसरीवर बसून राहिल्या. चूल पेटवली नाही, पाणी घेतलं नाही. दुपार कलली आणि त्या बाईच्याच पिशवीत, औषधांच्या डबीत साखळी निघाली. ती पाया पडायला लागली तर गयाबाईंनी पाय मागे घेतले.

"पाया पडू नका. फक्त माझ्या घरात हरवली म्हनू नका. पिशवीत हरवली म्हना. आन् बसा, पिठलं टाकते."

अशा बाईला विमा हवा होता, ह्याचं मला सुरुवातीला नवल वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, शेजारच्या वस्तीवर शॉर्टसर्किट होऊन एकाचं छप्पर जळालं, ते पाहिल्यापासून झोप लागत नाही. मी माझ्याकडचा घरगुती विम्याचा कागद काढला आणि इंग्रजीतला मजकूर मराठीत सांगत गेलो. आग, वीज, पूर, भूकंप, घरातलं सामान, चोरी, घरफोडी.

"चोरीचं काढून टाका," बाई म्हणाल्या.

"असू द्या की ताई. पॅकेजमध्येच येतं ते."

"पाकिटात येऊ द्या न्हाईतर पोत्यात. आमच्या गावात चोरीचा इमा काढायचा म्हंजे देवाला सांगायचं, की तुझ्यानं व्हईना म्हनून दुसरा बघितला. काढा ते. आगीचं राहू द्या. देव चोर धरतो, आग न्हाई धरत."

मी मान डोलावली. पुढचं पान उलटणार तोच त्या म्हणाल्या, "आन् पाहुन्याचं?"

"पाहुण्याचं काय?"

"पाहुना माझ्या घरात पडला, त्याचा पाय मोडला, तर? घर पडलं तर मी पुन्ना बांधीन. मानूस कसं बांधू?" त्यांनी चौकटीकडे बोट केलं. भिंतीला फळी टेकवलेली होती. "ही फळी बघा. आमचा पाय आपसूक वर उचलतो. पुन्याच्या मानसाचा उचलंल का, साहेब?"

मी हसलो. "फळीचा विमा कोण काढतं, ताई?"

त्या हसल्या नाहीत. "कोन काढतं ते न्हाई इचारलं. तुमी काढता का, ते इचारलं."

आज मला त्या प्रश्नाचं उत्तर एका दमात देता येतं. ज्या घरात लोक पैसे देऊन दोन-चार दिवस राहतात ते विम्याच्या दृष्टीनं राहतं घर नसतं, धंद्याची जागा असते. हे आधीच, लेखी, कंपनीला कळवायला हवं, नाहीतर ऐन वेळी घराचासुद्धा दावा अडतो. आगीचा आणि पुराचा विमा घराला हवा, खोल्यांतल्या खाटा-गाद्या-पंख्यांना वेगळा हवा, दुरुस्तीसाठी खोल्या बंद पडल्या तर बुडणाऱ्या उत्पन्नाचं काय ते पाहायला हवं. आणि सगळ्यांत आधी हवी ती पाहुण्याला झालेल्या इजेची जबाबदारी घेणारी पॉलिसी. गयाबाईंना कलमं ठाऊक नव्हती. पण काय हवं आणि काय नको, हे दोन्ही त्यांनी मला पाच मिनिटांत बरोबर सांगितलं होतं. माझं काम फक्त ते लिहून घ्यायचं होतं.

"होय," मी तेव्हा एवढंच म्हणालो. "पाहुण्याचं घालून घेऊ."

ते घालायचं तर धंद्याची पॉलिसी करावी लागली असती. तिच्यासाठी आणखी कागद, गावातून दाखला, नगरच्या कचेरीत दोन-तीन खेपा. चोरीचं कलम काढायचं तर त्यासाठीही वेगळं पत्र आणि वरच्या साहेबाची मंजुरी. महिनाअखेर जवळ आली होती आणि मला त्या महिन्याचा आकडा पुरा करायचा होता. मी छापील घरगुती पॉलिसी जशी होती तशी केली. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला सगळं नीट करू, असं मनाशी म्हटलं. बाईंचा फोन आला.

"चोरीचं काढलं का?"

"काढलं."

"पाहुन्याचं घातलं?"

"घातलं, ताई."

पॉलिसी इंग्रजीत होती. बाईंना मराठी चांगलं वाचता येई, इंग्रजी नाही. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. सही करताना त्या ओठ घट्ट मिटत आणि झाल्यावर कागद हातभर लांब धरून बघत. "सही म्हंजे बोलनंच असतं," त्या म्हणाल्या. "फक्त मागं घेता येत न्हाई." पुढचं वर्ष आलं, गेलं. मी नूतनीकरण केलं, तेही जसंच्या तसं.

पाहुणा पडला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. जळगावकडचे एक आजोबा मुलगा-सुनेबरोबर आले होते. पहाटे लघवीला उठले, पडदा बाजूला केला आणि फळीला अडकून अंगणात आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. गयाबाई जीपमध्ये त्यांचं डोकं मांडीवर घेऊन नगरच्या दवाखान्यापर्यंत गेल्या. मुलगा भला माणूस होता, तो त्यांनाच धीर देत होता. बाई त्याला म्हणाल्या, "खर्चाची काळजी तुमी करू नका. माझ्या घरात पडल्यात. पाहुन्याचा इमा हाय माझा."

त्यांनी मलाही फोन केला. आवाजात घाबरेपणा अजिबात नव्हता. "तुमी म्हनला व्हता न्हवं, फळीचा कोन काढतं? बघा, बरं झालं काढला."

मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. काही तरी बोललो असेन.

कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा मला जाणं भाग होतं. तरुण पोरगा होता, कामाला चोख. ओसरीवर नामदेवभाऊ, शेजारचे तिघे-चौघे आणि दोन जीपवाले बसले होते. असं काही असलं की गावात माणसं जमतातच. त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं बाईंना वाटायचं कारणच नव्हतं. त्याच म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा साहेब, समद्यांना ऐकू जाऊ द्या." त्यांना आजोबांच्या मुलालाही ऐकवायचं होतं, तो शेजारीच बसला होता.

सर्व्हेअरनं मोठ्यानं वाचलं. ही राहत्या घराची पॉलिसी आहे. पैसे घेऊन पाहुणे ठेवता हे कंपनीला कळवलेलं नाही. पाहुण्याला इजा झाल्यास जबाबदारी, हे कलम ह्यात नाही. आगीचं आहे. पुराचं आहे. चोरी आणि घरफोडीचं आहे.

ओसरीवर बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

सर्व्हेअरच्या ते लक्षात आलं नाही. तो आपला हसून म्हणाला, "खरं तर चोरीचं कलम इथे काही उपयोगाचंच नाही. आत शिरताना तोडफोड झाल्याच्या खुणा असल्या तरच कंपनी पैसे देते. तुमच्याकडे तोडायला दारच नाही."

एक जीपवाला फिस्सकन हसला आणि लगेच थांबला.

नामदेवभाऊ हळूच म्हणाले, "वैनी, चोरीचा इमा काढला व्हय तुमी?"

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. दुसऱ्याच्या चौकटीबाहेर उभं राहून त्याच्या आवाजाची वाट पाहावी, तशा त्या वाट पाहत होत्या. त्यांनी पुरेसा वेळ दिला मला. दोन वाक्यं लागली असती. मी माझ्या बॅगेची चेन लावत राहिलो. एजन्सी जाईल, तक्रार होईल, ह्या वयात कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग त्या नामदेवभाऊंकडे वळल्या. "सही माझी हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजे बोलनं माझं."

आणि आत निघून गेल्या. जाताना "मी जाते वं" म्हणाल्याच.

आजोबांच्या दवाखान्याचा खर्च त्यांनी दोन्ही म्हशी विकून भागवला. मुलगा नको नको म्हणत होता. गावात त्यांच्याशी कोणी भांडलं नाही, तोंडावर कोणी वावगं बोललं नाही. फक्त जीपवाले गिऱ्हाईक आणीनासे झाले. अंगणातून जाता-येता बायका त्यांच्या चौकटीत आवाज द्यायच्या, तो देईनाशा झाल्या. ज्या घराला दार नाही त्या घराला आवाजही नसला, की काय उरतं, ते सांगायला नको. मी एकदा गेलो तेव्हा भर दुपारी त्यांच्या चौकटीत फळी आडवी लावलेली होती. दिवसा फळी म्हणजे घरात कोणी नाही. पण आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी आवाज दिला नाही. परत फिरलो.

पुढे रेखा त्यांना पुण्याला घेऊन गेली. मागच्या तीन खोल्यांत नामदेवभाऊ आता कांदा साठवतात.

पुण्याला मी जायला फार उशीर केला. एजन्सी मी केव्हाच सोडून दिली होती, आता भिण्यासारखंही काही उरलं नव्हतं, तरी एक वर्ष गुडघ्याचं निमित्त झालं, एक वर्ष बायकोच्या आजारपणाचं. शेवटी रेखाकडून पत्ता घेतला आणि एका सकाळी गेलो. तिसरा मजला. दार जाड, त्यावर पितळी पाटी, वर-खाली दोन कुलपं आणि मधे बाहेर बघायचं भिंग. रेखा कामावर गेली होती. मी बेल वाजवली.

बेल वाजवल्यावर मला काय झालं कोण जाणे, मी तोंडानंही म्हणालो, "आहे का कोणी घरात?"

"कोन हाय?" आतून आवाज आला. बारीक झाला होता, पण तोच.

"मी. भिंगारचा विमेवाला."

आतली पावलं दाराशी आली. मग, "या की."

आणि मग कड्यांची खडखड सुरू झाली. काही तरी फिरायचं, काही तरी अडायचं. "हे वर करायचं आसतं का खाली… थांबा हां… रेखा दावून गेल्ती, पर ध्यानात न्हाई ऱ्हात… जरा थांबा." पुन्हा खडखड. मग थकलेला श्वास. "न्हाई उघडत, भाऊ."

आधी मी 'साहेब' होतो. 'भाऊ' त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

"असू दे ताई," मी म्हणालो. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बंद दाराला तोंड देऊन बोलणं सोपं होतं. मी सगळं सांगितलं. चोरीचं कलम मी ठेवलं, पाहुण्याचं घातलं नाही, फोनवर दोन्ही वेळा खोटं बोललो, आणि त्या दिवशी ओसरीवर गप्प बसलो.

आतून काही येईना. मला वाटलं, त्या निघून गेल्या. पण निघून जाताना त्या सांगून जातात, हे मला माहीत होतं, म्हणून मी थांबलो.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी कळलं. तुमची बॅग उघडी नव्हती, तरी चेन लावत व्हता."

"तिथेच का नाही सांगितलंत सगळ्यांना?"

"तुमी बसला व्हता न्हवं तितं. तुमच्या देखत तुमचं मी कशाला बोलू?" मग म्हणाल्या, "माझी सही व्हती, मी माझं बोलले. तुमचं तुमी बोलायचं राहिलं."

"म्हणून तर आलो ताई. माफी…"

"हितं?" दारापलीकडून हाताची थाप पडली, दोनदा, लाकडावर. "हितं कोन ऐकतंय? दाराआडून काय बोलता? आमच्याकडं दाराआड कुनी काय बोलत न्हाई. सांगायचं तर गावात सांगा, समद्यांना ऐकू जाईल असं."

"सांगतो," मी म्हणालो.

"चहा करते म्हनले आस्ते," त्या म्हणाल्या. "पर देऊ कुठून?"

मी भिंगाला डोळा लावला. बाहेरून त्यातून काही दिसत नाही, नुसता उजेडाचा एक बारीक ठिपका. त्यात काही तरी हललं. साडीचा रंगसुद्धा कळला नाही.

"मी जाते वं," त्या आतून म्हणाल्या, आणि सवयीप्रमाणे क्षणभर थांबल्या.

"जा, ताई," मी म्हणालो.

मग पावलं वाजली आणि तो ठिपका पुन्हा नुसता उजेडाचा झाला. मी तसाच जिना उतरलो. त्या असेपर्यंत मी गावात जाऊन सांगितलं नाही.